आसन क्षमता चार हजार

कोंबडी पायाला धरून, डोकं खाली लोंबकळत ठेवून टोकावड्याच्या नाक्यावरून जायची कुणाची टाप नव्हती. तिथं आमचे कंडक्टरमामा उभे असायचे. एसटीतून निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, तरी अंगात खाकी शर्ट आणि खांद्याला चामड्याची तीच जुनी पिशवी. मोटारसायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी कोंबड्या टांगलेला कुणी दिसला की मामा सरळ रस्त्याच्या मधोमध जायचे, हात वर करायचे आणि गाडी थांबली की तिच्या टाकीवर तळहातानं एक थाप मारायचे. एक घंटी म्हणजे थांबा. ही त्यांची नोकरीतली भाषा, ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

"प्रवासी उलटे का?" मामा विचारायचे.

समोरच्याला वाटायचं, म्हातारा जरा सरकलेला आहे. तो हसायचा. मामा हसायचे नाहीत. पिशवीतून एक मळकं पुस्तक काढायचे आणि जनावरांना क्रूरपणे वागवलं तर काय होतं, कोंबड्यांची ने-आण कशी करायची, खोक्याला हवा यायला भोकं किती हवीत, हे वाचायला सुरुवात करायचे. मागं एसटी हॉर्न वाजवतेय, पुढं वडापचा जीपवाला शिव्या देतोय, आणि मामांचं वाचन चालू. शेवटी तो मोटारसायकलवाला स्वतःच म्हणायचा, "काय करू सांगा ना बाबा, मला ओतूरला जायचं हाय." मग मामा पानटपरीच्या मागून बांबूची एक पाटी आणायचे, कोंबड्यांच्या पायाची सुतळी सोडून त्यांना नीट पाटीत बसवायचे, वर जाळी बांधायचे आणि टाकीवर दोन थापा मारायचे. दोन घंट्या. चला.

पाटी परत येईल असं मामांना दर वेळी वाटायचं. एकही आली नाही. मामी बिचाऱ्या बुरूडआळीला तोंड दाखवायला लाजायच्या. "अख्ख्या तालुक्याला पाट्या वाटल्या या माणसानं," त्या मला सांगायच्या, "आन् माज्या घरात भाकऱ्या ठेवायला टोपली नाय." मोटारसायकलवाले पुढं पुढं इतके हुशार झाले की त्यांनी व्हॉट्सॲपवर गट काढला. 'मामा नाक्यावर' असा निरोप पडला की सगळे मागच्या गाडीवाटेनं जायचे. मामांना ते कळायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी ते गाडीवाटेवर बसलेले सापडले, स्टूल घेऊन.

एकदा गावदेवीच्या जत्रेला कुणीतरी मानाचा कोंबडा उलटा धरून चालला होता. त्याला मामांनी अडवलं. तो भडकला. म्हणाला, "मामा, तासाभरानं कापणारच हाय मी याला. उलटा काय न् सुलटा काय?" मामा शांतपणे म्हणाले, "तुलापन एक दिवस जायचंच हाय. म्हणून आज तुला गाडीच्या टपावर बांधून नेऊ काय?" त्या माणसानं कोंबडा काखेत घेतला आणि मुकाट देवळाकडे गेला. मी तिथंच होतो. मला हसू आवरेना, तर मामांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू जागच्या जागी विरलं. कारण त्या वेळी माझ्या कोंबड्यांच्या शेडवर काय चाललं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मामा काही माझे सख्खे मामा नव्हेत. माझ्या आईच्या माहेरच्या आळीतले, म्हणून मामा. नोकरीत असताना मुरबाड आगाराच्या सोयीनं ते आमच्या गावात जागा घेऊन राहिले, आणि मी मामा म्हणतो म्हणून सगळा गावच त्यांना मामा म्हणायला लागला. त्यांच्या घरी आठ-दहा गावठी कोंबड्या. पण त्यांचं खुराडं बघायला पाव्हणे यायचे. खण पाडलेले, प्रत्येक खणाला पांढऱ्या रंगात आकडा घातलेला, एक ते बारा, आणि कोपऱ्यातल्या खणावर लिहिलेलं: महिलांसाठी राखीव. मी एकदा म्हटलं, "अहो मामा, एक कोंबडा सोडला तर सगळ्या बायकाच आहेत की. राखीव कशाला?" मामा म्हणाले, "खुडूक बसलेल्या बाईला बाकीच्या टोचतात. तिला सीट नको?" कोंबड्या अर्थातच नंबराप्रमाणं बसायच्या नाहीत. संध्याकाळी मामा कंदिलासारखा मोबाईल धरून बघायचे आणि तीन नंबरमध्ये सातवाली बसलीय म्हणून तिच्याशी हुज्जत घालायचे.

ते पुस्तक त्यांना पशुसंवर्धनच्या एका शिबिरात मिळालं होतं. बाकीचे लोक शिबिराला जेवणासाठी गेलेले. मामा पुस्तक घेऊन आले आणि आठवडाभर चष्मा लावून वाचत बसले. त्यांच्या दृष्टीनं ते पुस्तक नव्हतंच, ते वरून आलेलं परिपत्रक होतं. आणि परिपत्रक आलं की ते पाळायचं असतं, असं मानणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस.

आता माझं सांगतो. मी नऊ वर्षं भिवंडीच्या गोदामात माल चढवायला-उतरवायला जात होतो. पहाटे निघायचं, परत येईस्तोवर पोरगी झोपलेली. ती चालायला लागली ते मला बायकोनं, सुरेखानं, फोनवर सांगितलं. म्हणून मी ब्रॉयलरचं शेड घातलं. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, आपण दीड महिना सांभाळायचं आणि मोठे झालेले पक्षी कंपनीनं न्यायचे. शेड चाललं तर मी घरी, नाही चाललं तर परत भिवंडी. माझा सगळा जीव त्या शेडात होता, हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी जे उपद्व्याप केले त्याबद्दल तुम्ही मला निदान निम्म्याच शिव्या द्याल.

शेड चार हजार चौरस फुटांचं. एका पक्ष्याला एक फूट जागा, हा साधा हिशेब. पण कंपनीचा सुपरवायझर दर वेळी चार हजार सहाशे पिल्लं टाकायचा. म्हणायचा, "थोडी मरतातच, ॲडजस्ट होतं." मीही मान डोलवायचो. नाही म्हटलं आणि त्यानं पुढची बॅच दिलीच नाही, तर?

मामा पहिल्यांदा शेडवर आले ते मोजपट्टी घेऊनच. लांबी मोजली, रुंदी मोजली, पिशवीतल्या वहीत लिहिलं. मग मला विचारलं, "दिन्या, गाडीत किती?"

"चार हजार," मी ठोकून दिलं.

"आन् उभे?"

मामा आत गेले आणि भाताच्या तुसावर चक्क आडवे झाले. पांढऱ्या पक्ष्यांच्या गर्दीत खाकी शर्टातला म्हातारा उताणा पडलेला! मला वाटलं, चक्कर आली. धावत गेलो तर म्हणतात, "तूपन झोप."

"मामा, काय पोरखेळ हाय हा?"

"तू उभा राहून वास घेतो. त्यांचं नाक हितं हाय, वीतभर उंचीवर. झोप म्हणतो ना!"

झोपलो. काय सांगू तुम्हाला! ओल्या तुसातला तो उग्र दर्प नाकातून थेट टाळूत चढला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मामांनी विचारलं, "काय झालं रे?" मी म्हटलं, "तूस उडालं डोळ्यात." मामा कपडे झटकत उठले आणि निघून गेले. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! चौथ्या दिवशी मामा घरी आले. हातात एक अर्ज, मुरबाडच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लिहिलेला. विषय: क्षमतेपेक्षा जास्त पक्षी कोंबल्याबाबत. खाली माझं नाव, माझ्या बापाचं नाव, गट नंबरसकट. "ही तुझी प्रत," मामा म्हणाले, "वरची मी सकाळी देऊन आलोय. हितं सही कर, पोचली म्हणून."

ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याचकडून पोच! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामा, माझ्या पोटावर पाय देताय तुमी. उद्या शेड बंद पडलं तर पोरीला बाप पुन्हा फोटोत बघायला लागंल." मामांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढं धरलं. मी घेईपर्यंत ते मागं घेतलं नाही. मी रागारागानं अशी सही केली की कागद फाटला. मामा म्हणाले, "फाटला तरी चालतो, सही वाचता येते."

दुसऱ्या दिवशी भांडायला म्हणून त्यांच्या घरी गेलो तर मामा नाक्यावर गेलेले. मामींनी चहा टाकला. मी मामांच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली, आणि मामींनी ती मोडू दिली. मग म्हणाल्या, "तुला ठाव नाय. त्याला कोंबड्यांचं येड कायद्यानं नाय लागलं." आणि सांगितलं ते असं. मामा तेव्हा शहापूर-किन्हवली-मुरबाड गाडीवर होते. मे महिना. किन्हवलीला कातकरवाडीतली एक म्हातारी पाटीभर कोंबड्या घेऊन चढली, मुरबाडच्या बाजाराला. मामांनी नियमाप्रमाणं लगेजचं तिकीट फाडलं. पुढं प्रवाशांनी वासाची तक्रार केली, म्हणून मामांनी पाटी मागच्या डिकीत ठेवली. मुरबाडला डिकी उघडली तर सगळ्या कोंबड्या मेलेल्या. म्हातारी रडली नाही, ओरडली नाही. मामांच्या तोंडाकडे बघत एवढंच म्हणाली, "त्यांचं तिकीट घेतलंस ना रं तू?"

"त्या दिवशी जेवला नाय," मामी म्हणाल्या. "पुढल्या बाजारी तिला शोधाया किन्हवलीला गेला. वाडी उठून गेलेली, वीटभट्टीवर. मंग दरसाली जायचा. घावली नाय ती."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, पण राग गेला नाही. म्हातारीच्या कोंबड्या मेल्या त्याची शिक्षा मला का, हेच डोक्यात. त्यातच दवाखान्यातून निरोप आला: सोमवारी डॉक्टर मॅडम पाहणीला येणार. आणि मग माझ्या सुपीक डोक्यात ती कल्पना आली.

मामा शनिवारीच मुलाकडे बदलापूरला गेले होते. रविवारी सकाळपासून मी आणि सुरेखानं टेम्पो काढला आणि वरचे सहाशे पक्षी गावात वाटायला घेतले. पंधरा घरं, घरटी चाळीस. एका दिवसाचा तर प्रश्न! मॅडम बाहेरच्या रस्त्यानं थेट शेडवर येणार, बघणार, जाणार. मंगळवारी पक्षी परत आत. बायकांनी कसलीही कुरकुर न करता पडव्या रिकाम्या केल्या. इतक्या आनंदानं की मला तिथंच संशय यायला हवा होता. पहिल्याच घरातल्या जनाकाकूंनी तर मला थांबवून माझ्यादेखत मूठभर तांदळाच्या कण्या पक्ष्यांपुढं टाकल्या. मीच वर म्हटलं, "टाका, टाका, उपाशी नको राहायला." पुढच्या प्रत्येक घरी तेच.

झालं! आमच्याकडे शंभर वर्षांची रीत आहे. कुणी आपली कोंबडी दुसऱ्याच्या दारात नेली आणि त्या घरच्या बाईनं मालकासमोर तिला दाणे टाकले की ती कोंबडी अर्धेलीवर गेली. पुढं तिचं जे काही होईल ते निम्मं निम्मं. माझी आई याच रीतीनं कोंबड्या सांभाळत आली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण शेड घातल्यापासून त्या पांढऱ्या जनावराला मी कोंबडी समजायचंच सोडलं होतं. कंपनी त्यांना पक्षी म्हणते, मीही पक्षी म्हणायचो. बायकांना मात्र दारात चाळीस कोंबड्या दिसल्या. रविवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात निम्म्यांच्या पायाला चिंध्या बांधून झाल्या होत्या. जनाकाकूंच्या लाल, शेजारणीच्या हिरव्या, आणि कुणाच्या तरी जुन्या पैठणीच्या काठाच्या.

चाळीस पक्षी मामींनीही घेतले होते. मी नको नको म्हणत होतो, त्या म्हणाल्या, "सगळ्यांना देतो न् मला का नाय रे? भांडान माज्या नवऱ्याशी हाय, माज्याशी हाय काय तुजं?" त्यांच्या चिंध्या निळ्या.

सोमवारी मॅडम आल्या. तरुण होत्या, पण कामाला पक्क्या. सुतळीनं दहा बाय दहाचे चौकोन आखून ठिकठिकाणी पक्षी मोजले. कुठं अठ्ठ्याण्णव, कुठं एकशे दोन. मी रात्रभर जागून तूसही बदललं होतं. मॅडम म्हणाल्या, "तक्रारीत काही तथ्य दिसत नाही. असे अर्ज येतात कधी कधी, भावकीचे." माझा जीव भांड्यात पडला. वर आणि शहाजोगपणे म्हणतो कसा, "जाऊ द्या मॅडम, म्हातारं माणूस आहे."

आणि दारात तेच म्हातारं माणूस उभं. पहिल्या एसटीतून उतरून घरी गेलेले, पडवी बघितलेली. काखेत एक पांढरा पक्षी, अगदी लेकरासारखा सरळ धरलेला, पायाला निळी चिंधी. संपलं सगळं. आता म्हातारा पंधराच्या पंधरा घरं मोजून दाखवणार, वहीसकट.

मामा म्हणाले, "मॅडम, केस लिवून घ्या."

"कुणावर?"

"माज्यावर. माज्या पडवीत चाळीस पक्षी हायेत. क्षमता बारा. गावठी कोंबड्यांत मिसळलेत, पाणी पुरत नाय, दोन दबून मेलेत." दोन मेलेत म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, पक्ष्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. अशा पक्ष्यांनी भरलेल्या शेडात आम्ही उभे होतो, काय कळायचं बाकी होतं? तरी त्यांनी विचारलं, "हे पक्षी आणले कुणी तुमच्याकडे?"

मामा माझ्याकडे बघेचनात. तुसाकडे बघत म्हणाले, "ते इचारू नका. गाडी माजी, प्रवासी माजे. जबाबदारी कंडक्टरची."

अहो, त्यांनी माझं नाव घेतलं असतं ना, तर मी तोंडावर सांगितलं असतं, म्हातारा खोटं बोलतो. जीभ तयारच होती माझी. पण त्यांनी नाव घेतलं नाही, आणि मला उभ्या उभ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मग मीच म्हटलं, "माझे आहेत मॅडम. सहाशे आहेत. गावात वाटलेत."

पुढची वरात बघण्यासारखी होती. पुढं मॅडम, मागं पक्षी काखेत घेतलेले मामा, त्यांच्या मागं मान खाली घातलेला मी. प्रत्येक पडवीत चिंध्या बांधलेले ब्रॉयलर आणि दारात पदर खोचून उभी बाई. मॅडमनी जनाकाकूंना विचारलं, "हे कुणाचे?" काकू म्हणाल्या, "निम्मे आमचे. दाणे टाकलेत आमी, इचारा त्याला. आईच्यान खोटं बोलंल तर!" मी मामांकडे आशेनं बघितलं, कायद्याचा माणूस म्हणून. मामा म्हणाले, "त्यांचा कायदा तुज्या कंपनीपेक्षा जुना हाय."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना जनाकाकूंच्या ओट्यावर बसायला लागलं. पण हसून झाल्यावर त्यांनी निकाल दिला तो निकालच. गावठी कोंबड्यांत राहिलेला एकही पक्षी परत शेडात न्यायचा नाही, रोग आला तर चार हजारही जातील. आणि पुढच्या बॅचपासून चार हजारांच्या वर एकही नाही, ही लेखी सूचना, पुन्हा पाहणी होणार. म्हणजे सहाशेचे सहाशे गावातच राहिले. महिनाभर गावात कुणाच्या घरी भाजी शिजली नसेल. मी मात्र गल्लीतून जायला लागलो की रश्शाच्या वासानंच तोंड फिरवायचो.

कंपनीचा सुपरवायझर आला, सगळं ऐकलं, गेलेले सहाशे माझ्या नावावर मांडले आणि म्हणाला, "चार हजारच घेणार असाल तर आम्हाला दुसरी शेडं आहेत." आणि पिल्लं बंद. दोन महिने शेड रिकामं. मी भिवंडीला फोन करून गोदामात जागा आहे का विचारलं. ते कुठून कुणास ठाऊक मामांना कळलं. तेव्हापासून ते रोज दुपारी यायचे आणि रिकाम्या शेडच्या दारात बसायचे. एक दिवस मीच खेकसलो, "आता काय मोजायला येता?" मामा म्हणाले, "चुकलं आसंल माजं. पन मोजणी नाय चुकली." मग उठले, घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले.

कंपनीच्या उबवणीतली पिल्लं काही थांबत नाहीत. तिसऱ्या महिन्यात सुपरवायझर स्वतःच आला, जागा कमी पडत होती. मी म्हटलं, चार हजार, त्याच्यावर एक नाही. दारात मामा बसलेले, मागं फिरायला वाटच नव्हती. तो तोंड वाकडं करून हो म्हणाला. त्याच संध्याकाळी मामांनी शेडच्या पत्र्यावर लाल रंगानं लिहिलं: आसन क्षमता ४०००, उभे प्रवासी नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यात उष्म्यानं पक्ष्यांचे ढीग पडले. मामा दुपारभर माझ्याबरोबर गोणपाटं भिजवून शेडच्या बाजूंना टांगत होते. माझ्या शेडात मर अगदीच थोडी झाली. पक्षी पाय पसरून, पंख उघडून बसले होते, कारण पंख उघडायला जागा होती. हे मला लख्ख दिसत होतं. पण मी मामांना बोललो नाही. म्हातारा बरोबर होता असं एकदा कबूल केलं असतं तर त्यानं टोकावड्यापासून माळशेजपर्यंत दवंडी पिटली असती. म्हटलं, सांगू कधीतरी.

मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलाकडे गेले. डोळा बरा झाला आणि चौथ्या दिवशी झोपेतच गेले. बदलापूरला पोचलो तेव्हा सगळं आवरलेलं होतं. मामी म्हणाल्या, "डोळ्याची पट्टी सुटली तवा पयलं काय बोलला ठाव हाय? आता दिन्याच्या शेडात लांबवरचं मोजता येल." मी मान हलवली. माझ्या डोळ्याला पाणी आलं नाही. इतका राग आला होता मला, स्वतःचाच.

गेल्या महिन्यात नवीन बॅच आली. सुपरवायझर नवा, गाडीवाला नवा. खोक्यात शंभर पिल्लं, चाळीस खोकी उतरली. गाडीवाल्यानं आणखी सहा काढली. म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, आत टाका म्हणून. आता कोण येतंय तपासायला?"

खरंच होतं. मॅडमची बदली झाली होती. अर्ज करणारं गावात कुणी उरलं नव्हतं. आणि सुपरवायझर खूश राहिला तर पुढची बॅच वेळेवर, हे मलाही कळतं. सहा खोकी दारात होती, आत चिवचिवाट चाललेला. मी म्हटलं, "परत चढव."

"का? कुणाची तक्रार आहे काय?"

"हाय एकाची."

"कोण आहे तो? बोलावून घ्या, आम्ही समजावतो."

"गेला तो," मी म्हटलं, "पौषात."

गाडीवाल्यानं मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघितलं. पण खोकी परत चढवली. गाडी गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पिल्लांना पाणी दाखवायला बसलो. नवीन पिल्लाला पाणी कळत नाही, एकेकाची चोच धरून पाण्यात बुडवावी लागते. आठ-दहा पिल्लं झाली असतील, आणि मग मी तुसावर बसून मोठ्यानं म्हणालो, "मामा, तुमचं बरोबर होतं." आणि जे बदलापूरला आलं नव्हतं ते रडू तिथं आलं, इतकं की सुरेखा घरातून धावत आली. तिला वाटलं, पिल्लं मेली.